श्वासांची हजेरी

आमच्या आंबेसरची हवा सरकारजमा झाली ती माझ्या नणंदेमुळे. जमीन सरकारजमा होते, बंदूक होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हवेचंही तसं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण आज आमच्याकडे परवानगीशिवाय हवेचा नमुना घेणाऱ्याला तुरुंगवास आहे आणि तो भोगणारी पहिली बाई आमच्या घरातली आहे. मला तिचा अभिमान वाटतो, तिचा रागही येतो. या दोन्हींपेक्षा मोठा राग ज्यांचा येतो त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

शर्वरी तोडकर ही माझ्या नवऱ्याची, समीरची, धाकटी बहीण. मोठ्या दैनिकात नोकरीला होती. पालकमंत्र्यांवरच्या बातमीतली दोन वाक्यं संपादकांनी कापली म्हणून भर मीटिंगमधून उठून आली आणि 'उलटतपासणी' नावाचं स्वतःचं साप्ताहिक काढून बसली. ताराक्कांच्या माडीवर भाड्याच्या दोन खोल्या, एक संगणक आणि जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांशी वाकडं, एवढा तिचा संसार. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "एका घरात एकच तोंडाळ माणूस पुरे, वहिनी."

मग वरून फतवा निघाला. 'नोंदीतल्या', म्हणजे सरकारच्या काळ्या यादीतल्या, पत्रकारांशी सरकारी नोकराने कसलाही संबंध ठेवायचा नाही आणि तसं दरवर्षी लिहून द्यायचं. समीर वसतिगृहं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता. त्याने मुकाट लिहून दिलं. मी खासगी संस्थेच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला तो फतवा लागू नव्हता. म्हणजे कायद्याने मी शर्वरीची वहिनी राहिले आणि समीर मात्र तिचा भाऊ राहिला नाही. भाऊबिजेला मी एकटीच तिला फराळाचा डबा देऊन यायचे. घरी यावं तर समीर बंद टीव्हीसमोर बसलेला असायचा.

आता त्या यंत्राबद्दल सांगते. कागदोपत्री त्याचं नाव वायुजनुक विश्लेषक. आमच्याकडे लहानथोर सगळे त्याला हुंग्या म्हणतात. सजीव प्राणी सतत झडत असतो. त्वचेचे कण, केसांतला कोंडा, श्वासातून आणि बोलण्यातून उडणारे बारीक थेंब, या सगळ्यांत त्या प्राण्याचा डीएनए असतो. हुंग्या हवा ओढून घेतो, कण जाळीवर अडकवतो आणि त्यातला डीएनए वाचून कोणता प्राणी इथे होता ते सांगतो. आमच्या कॉलेजला तो उसातल्या बिबट्यांसाठी मिळाला होता. तोडणीच्या आधी फडाच्या बांधावर लावून ठेवला की आत मादी आहे का, पिल्लं आहेत का, हे कळायचं. त्यामुळे मजूरही वाचले आणि बिबटेही.

मोकळ्या रानात हे कण वाऱ्यावर पांगतात. बंद खोलीत मात्र ते धुळीत उतरतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. पंख्याच्या पात्यावरची, खिडकीच्या चौकटीवरची धूळ वाचली तर त्या खोलीत कोण राहिलं आणि साधारण किती काळ राहिलं हेही सांगता येतं. मी हे विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने शिकवायचे.

डिसेंबरात शर्वरी कॉलेजात आली. "वहिनी, तुझा हुंग्या दे दोन दिवस."

"कुठे दिसला बिबट्या?"

"दिसलाय. पांढऱ्या कपड्यांतला आहे."

मी हसले आणि यंत्र तिच्या हवाली केलं.

पालकमंत्र्यांच्या मातोश्रींच्या नावाने एक संस्था आहे. ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी ती वसतिगृह चालवते. आईबाप फडात असताना मुलांनी तिथे राहावं, शाळेत जावं, म्हणून सरकार अनुदान देतं. कागदावर वसतिगृह तुडुंब भरलेलं आणि दरवर्षी तपासणीत 'उत्तम' असा शेरा. शर्वरीला कुणीतरी आतली गोष्ट सांगितली होती. तपासणीच्या दिवशी सकाळी मजुरांच्या कोप्यांवरून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवरून, ट्रकने मुलं आणायची, नळाखाली आंघोळ घालायची, नवे गणवेश चढवायचे, बिस्किटांचा पुडा हातात द्यायचा. साहेब लोक जेवून गेले की गणवेश अंगावरून उतरवून घ्यायचे आणि मुलं परत ट्रकमध्ये. ज्यांच्या हक्काचं ते छप्पर, त्यांनाच एका दिवसापुरतं उसनं आणायचं. ऐकल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे तिला कुणी सांगितलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शर्वरी सरळ वसतिगृहाच्या फाटकावर गेली आणि वॉचमनला म्हणाली, "कॉलेजातून आलेय. मागच्या फडात बिबट्या आहे, तुमच्या खोल्यांत शिरलाय का बघायचंय." बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने सगळी कुलपं उघडून दिली.

जाळ्यांचं वाचन मी प्रयोगशाळेत केलं. पहिल्या दालनात शेळ्या. दुसऱ्यात वटवाघळं आणि उंदीर. तिसऱ्यात कोंबड्या आणि दोन प्रौढ पुरुष. मुलांचे कण होते, पण इतके कमी की दिवसभराच्या वर ती तिथे राहिलीच नव्हती. माझा विश्वास बसेना. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उत्तर तेच आलं.

'वसतिगृहात शेळ्या श्वास घेतात' या मथळ्याने 'उलटतपासणी'चा अंक निघाला. जिल्हाभर गाजला. पालकमंत्र्यांनी सभेत डोळे पुसले, माझ्या आईच्या नावावर चिखल उडवला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा नमुना कुणी घेतला नाही.

आम्हाला वाटलं आता चौकशी होईल. झाली, पण शर्वरीची. काही आठवड्यांत वटहुकूम आला. हवेतला माणसाचा डीएनए ही खासगी बाब, तिचं रक्षण सरकार करणार, म्हणून हुंग्या यापुढे फक्त सरकार वापरणार. परवानगीशिवाय आधी घेतलेला नमुनाही गुन्हाच, नमुना वाचणाऱ्याबद्दल मात्र त्यात अक्षर नव्हतं. आमच्या कॉलेजातला जप्त झाला. बिबट्यांनी आता स्वतः येऊन वर्दी द्यायची. आणि त्याच वटहुकुमाचा आधार घेऊन शर्वरीला नोटीस आली. खात्याची गुप्त माहिती तिला कोणी पुरवली हे शोधायला तिच्या खोल्यांतली हवा आणि धूळ वाचली जाणार होती. सरकारी नोकरांचे डीएनए सेवेत लागतानाच घेऊन ठेवलेले असतात, बाकीच्यांचे आरोग्य कार्डावर. नमुना घेईपर्यंत घर झाडायचं नाही, पुसायचं नाही, रंगवायचं नाही. केरसुणीला हात लावला तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा. पाहुण्यांना बोलवू नये, एवढं मात्र नोटिशीत लिहायचं राहून गेलं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. शर्वरी काठापदराची साडी नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरली. हळदीकुंकवावर आग ओकणारा लेख लिहून जिने आख्ख्या गावातल्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ती घरोघर जाऊन म्हणत होती, "या हं नक्की. सगळ्यांनी या. विधवा, बिनलग्नाच्या, सोडलेल्या, सगळ्या."

आणि बायका आल्या. भीती नव्हती असं नाही. पण हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्याकडे मोडत नाहीत, आणि नवऱ्याने हटकलं तर तेच सांगता येत होतं. जिन्यावर रांग लागली. मी पोचले तेव्हा ताराक्का, म्हणजे तिची घरमालकीण, दारात बसून वाणाच्या चहाच्या गाळण्या वाटत होत्या आणि प्रत्येकीला दटावत होत्या, "लगीच जायचं न्हाई. बसा, बोला, दम खावा."

मी शर्वरीला ओढून स्वयंपाकघरात नेलं. "हे काय नाटक आहे?"

"सांग बघू, तू बाई जीवशास्त्राची," ती हलक्या आवाजात म्हणाली. "खोलीत दहा जण बोलले तर कोण काय म्हणालं ते कळतं. आठवडी बाजारात कळतं का?"

माझ्या लक्षात आलं. थोड्या माणसांचा डीएनए असेल तर हुंग्या एकेकाचा धागा सुटा करतो. शेकडो माणसांचा एकत्र कालवला गेला की गुंता होतो आणि एकही नाव छातीठोकपणे सांगता येत नाही. पोरीने सरकारच्या यंत्राला गावाच्या गर्दीत चकवायचं ठरवलं होतं.

"डोकं आहे हो तुला," मी म्हटलं. "पण एवढं कुणाला लपवतेयस?"

तिने तिळगुळाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "दादाला."

माझ्या हातातली वाटी ओट्यावर आपटली. म्हणजे वसतिगृहाची तपासणी करून आलेला माझा नवरा इथे येऊन, याच माडीवर बसून सगळं सांगून गेला होता. रोज माझ्या शेजारी जेवायला बसतो आणि मला अक्षर बोलला नव्हता. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शर्वरीने सगळं ऐकून घेतलं.

"ओरड मग सावकाश," ती म्हणाली. "आता बाहेर चल. जितक्या जास्त बायका तितका दादा सुरक्षित."

मी बाहेर आले. खोली खच्चून भरली होती. गजरे, अत्तर, साड्यांची सळसळ, हसणं. मी त्या सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली आणि शर्वरीचा दंड धरला.

"शर्वरी, यात पुरुष किती आले?"

"हळदीकुंकवाला पुरुष कशाला येतील?" ती म्हणाली, आणि मग तिचाही चेहरा उतरला.

हे दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं जातं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. बायका कितीही जमवा, त्यांच्यापाशी वाय नाही. यंत्राने फक्त वाय गुणसूत्राचे धागे उचलायचे ठरवले की ही सगळी गर्दी त्याच्या लेखी नाहीशी होते आणि मागे उरतात तेवढे पुरुष. गावातल्या बायकांच्या महासागरात आम्ही समीरला लपवायला निघालो होतो आणि तो होडीसारखा वर तरंगत होता.

"तुझ्याकडे पुरुष कोण कोण येतात?" मी विचारलं.

"गॅसवाला. छपाईचा माणूस खालूनच जातो."

"आणि समीर. तो माझ्या साडीला लागून इथवर आला असं म्हणता येईल."

"दोन तास बसला होता, वहिनी. एकटाच बोलत होता."

मग तेही जमणार नव्हतं. पदराला चिकटून आलेले चार कण आणि दोन तासांच्या श्वासातून पडलेला थर, यातला फरक हुंग्याला सहज कळतो.

नमुना घ्यायला पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं. उरलेली दुपार आम्ही फोन करण्यात घालवली. गावातले जे जे पुरुष शर्वरीला 'रणरागिणी' म्हणायचे, तिच्या अंकाची वाट बघायचे, त्या सगळ्यांना फक्त चहाला बोलावलं. ग्रंथालयाच्या अध्यक्षांचा रक्तदाब वाढला होता. वकीलसाहेब परगावी होते आणि त्यांच्या फोनमागे आमच्याच चौकातल्या बँडचा आवाज येत होता. आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मनाने मी तिथेच आहे." हुंग्याला मनाचा उपयोग नसतो. संताप संताप झाला माझा. बायकांनी एका करंड्याच्या आडोशाने जिना चढण्याचं धाडस केलं आणि या पुरुषांना चहा पिण्याचंही झालं नाही. शेवटी ताराक्कांनी आपल्या थोरल्या दिरांना काठीसकट वर चढवलं. "बसा हितं, आन् चांगलं खोका," म्हणाल्या. म्हातारबुवा इमानाने खोकत बसले.

अहवाल आला. बायकांच्या गुंत्यातून यंत्राला एकही नाव सोडवता आलं नाही. पुरुषांच्या धाग्यांत तीन नावं स्वच्छ निघाली. गॅसवाला, ताराक्कांचे दीर आणि समीर तोडकर, निरीक्षक.

शर्वरीला त्याच दिवशी अटक झाली. समीर निलंबित झाला आणि पाठोपाठ त्याच्या साहेबांनी घरी निरोप धाडला. एक जबाब तयार आहे, सही कर. बहिणीने भावनिक दबाव आणला, ट्रकबिक काही नव्हते, तिच्या सांगण्यावरून मी खोटं बोललो. सही केली तर ताकीद देऊन परत कामावर. नाही केली तर बडतर्फी आणि वर खटला. त्या सहीने शर्वरीची बातमी बनावट ठरणार होती आणि वसतिगृह पुन्हा 'उत्तम'.

"मला का नाही सांगितलंस?" मी समीरला त्या आठवड्यात किती वेळा विचारलं असेल.

"तुला सांगितलं असतं तर तुलाही खोटं वागावं लागलं असतं."

"आणि आता काय, खरं वागून घर चालवायचं? कर सही."

शर्वरीने कोठडीतून वकिलाकरवी तेच कळवलं होतं. दादाला सांगा सही कर, मला खोटारडी म्हणवून घ्यायची सवय आहे. मी तर ठामच होते. त्या पोरांसाठी वाईट वाटत होतं, पण ती पोरं कोण, कुठली, मला माहीत नव्हती. माझा नवरा मला माहीत होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

चौकशीच्या दिवशी आम्ही कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. आतून अजून बोलावणं आलं नव्हतं. समीर हातातल्या रुमालाची घडी घालत होता, मोडत होता. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"तिथे एक मुलगी होती, तृप्ती. सात-आठ वर्षांची. नव्या गणवेशाचं बटण तुटू नये म्हणून मुठीत धरून बसली होती. मी हजेरी घेत पुढे आलो तर मला म्हणाली, 'सायेब, रातच्याला बी हितंच निजायचं का?'"

त्याने पुन्हा रुमालाची घडी घातली.

"मी हो म्हणालो. सगळे साहेब मागे उभे होते, मी हो म्हणालो. संध्याकाळी त्यांचा ट्रक निघाला, माझी गाडी मागेच होती. गणवेश काढून घेतलेला. थंडीत नुसत्या झबल्यावर फळीला धरून उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. नाक्यापर्यंत बघत होती. मी तिथून सरळ शर्वरीकडे गेलो."

शिपायाने दार उघडून त्याचं नाव पुकारलं. समीर उठला. मी पण उठले आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मला रडूही आवरत नव्हतं आणि रागही.

"सही करू नकोस," मी म्हटलं.

आत चौकशी अधिकारी मऊ आवाजात बोलणारे गृहस्थ होते. समीरने ट्रकपासून फळीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी लेखनिकाला हाताने थांबवलं, म्हणाले, एवढं सविस्तर नको. समीरने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने सविस्तर लिहून दिलं.

तो बडतर्फ झाला. आम्ही सरकारी घर सोडलं आणि ताराक्कांच्या माडीवर राहायला आलो. आधी चांगली केरसुणी फिरवली, मग शर्वरीच्या संगणकावर 'उलटतपासणी' आम्हीच चालू ठेवली. शर्वरीला विनापरवाना हवा घेतल्याबद्दल शिक्षा झाली. पण बातमी खोटी आहे असं कुणालाच म्हणता आलं नाही, कारण तपासणी करणारा निरीक्षकच तिच्या बाजूने उभा होता. त्या जबाबावर प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने हुकूम दिला की प्रत्येक वसतिगृहातली धूळ दर हंगामात दोनदा, न्यायालयाच्या माणसांनी वाचायची. पालकमंत्री अजून पालकमंत्रीच आहेत. एवढं सगळं होऊन त्यांच्या केसालाही धक्का लागलेला नाही, हे मला आजही सहन होत नाही.

फक्त त्यांच्या संस्थेची एक पंचाईत झाली. एका दिवसापुरत्या आणलेल्या मुलांचे कण पुरत नाहीत. आठवडाभर ठेवलेल्यांचेही पुरत नाहीत. हंगामभर राहिल्याचा थर धुळीत दिसायचा तर मुलांना हंगामभर तिथेच राहावं लागतं, जेवावं लागतं, निजावं लागतं. हवेत बनावट श्वास सोडायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. शेळ्या हलवल्या, कोंबड्या हलवल्या. या हंगामात पोरं खरोखर आत आहेत, आणि फाटकावर मंत्र्यांचा हसरा फलक लागला आहे, 'वंचितांचे कैवारी'. समीर लांबून त्या फाटकाकडे बघून येतो. तृप्ती त्यांत आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

मी तुरुंगात शर्वरीला भेटायला गेले तेव्हा तिला हे सांगितलं. मला वाटलं ती हसेल, निदान तिला मोकळं तरी वाटेल. ती जाळीवर बोटं ठेवून ऐकत होती.

"जेवायला काय देतात त्यांना?" तिने विचारलं.

"कुंपणातून बघितलं मी. भात आणि आमटी."

"आमटी कशी?"

"पातळ. ताटाचा तळ दिसतो."

"मग एवढं लिही, वहिनी," शर्वरी म्हणाली. "या आठवड्याच्या अंकात."